अर्धं टेबल चमकतंय, अर्धं नाही

[सुरुवातीला अंधार, टेबलाच्या कडेला आडवा धरलेला मोबाईलचा टॉर्च]

वरून बघितलं तर टेबल चांगलं दिसतं, फोटोत तर एकदम भारी. पण टॉर्च असा कडेने आडवा धरला की सगळं उघडं पडतं. डावीकडे काचेसारखी चमक, मधे वीतभर रुंद मळकट पट्टा, उजवीकडे दोन गोल डाग, आणि टोकाला तर वाटतं वार्निश लावायचंच राहून गेलंय. एकच डबा, एकच ब्रश, एकच रविवार. मारणारा मीच.

टेबल सागवानी आहे, साडेचार फूट बाय अडीच, पुण्यातल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेलं. उलटं केलं तेव्हा खाली सुताराने पेन्सिलने मांडलेला हिशोब सापडला, हा बघा, रुपये पुसट झालेत पण आणे वाचता येतात. नये पैसे आले १९५७ ला, म्हणजे टेबल त्याच्याच आगेमागे कधीतरी झालेलं असणार. आता या मापाचं नवं सागवानी करायला गेलं की आकडा ऐकूनच माणूस पार्टिकल बोर्डाकडे वळतो, आणि पार्टिकल बोर्डाला पाणी लागलं की काय होतं ते सिंकखालचं कपाट उघडून बघा.

[मिस्त्रीकाका, हातात डबा]

पॉलिशवाले मिस्त्रीकाका आले आणि टेबलाकडे बघायच्या आधी म्हणाले, डबा आणा. मला वाटलं कंपनी बघतायत. त्यांनी लाकडाची चपटी पट्टी घेतली, पार तळाला टेकवली आणि हळूच वर काढली. पट्टीच्या टोकाला दह्यासारखा दाट गोळा आला.

सॅटिन किंवा मॅट वार्निश म्हणजे मुळात चमकणारंच वार्निश असतं, त्यात सिलिकाची एकदम बारीक पूड घातलेली असते. ती पूड पृष्ठभाग अगदी सूक्ष्म खडबडीत करते, त्यामुळे उजेड सरळ परत न येता इकडेतिकडे पसरतो आणि आपल्याला मंद चमक दिसते. पण पूड जड, ती तळाला जाऊन बसते. मी झाकण उघडलं, वरवर ढवळल्यासारखं केलं आणि सुरू केलं. डावीकडचा भाग वरच्या वार्निशचा, म्हणून काच. उजवीकडे पोचेपर्यंत डबा संपत आलेला, ब्रश तळाला लागत होता, तिथे पूडच पूड.

बरं, मग डबा जोरात हलवायचा का? तर नाही, हलवला की बुडबुडे होतात आणि ते टेबलावर जाऊन सुकतात. तळ खरवडत सावकाश ढवळायचं, आणि काम चालू असताना मधेमधे परत ढवळायचं.

पण मधला पट्टा डब्यामुळे नव्हता. काकांनी ओलं फडकं फिरवलं तेव्हा दिसलं, तिथलं लाकूडच वेगळं आहे, फिकट. सागाचा मधला गाभा तेलकट आणि घट्ट असतो, सालीजवळचं पांढरं लाकूड जास्त पितं. सुताराने एका फळीत थोडं पांढरं येऊ दिलंय, तेव्हाही लाकूड स्वस्त नसणार म्हणा. फळीच्या टोकांना तर लाकडाच्या नसा आडव्या कापलेल्या असतात, म्हणजे शेकडो बारीक नळ्यांची तोंडं उघडी, तिथे वार्निश वर थांबतच नाही, आत जातं. "टेबल प्यायलं, तुम्ही एकदाच पाजलंत," काका म्हणाले. दोन कोट कमी पडलेत असा त्याचा अर्थ.

आणि हे दोन गोल. जवळून बघा, मधे खोलगट आणि कडेला वार्निश गोळा झालेलं, तव्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर जसं लांब सरकतं तसं. मागच्या दिवाळीत फर्निचर चमकवायचा स्प्रे आणला होता, तो मारलेला. त्यात सिलिकॉन असतं, ते लाकडात मुरून बसतं आणि त्याच्यावर वार्निश धरत नाही. नुसतं पुसून ते जात नाही.

[घासकाम, मायक्रो लेन्स]

आता ज्याला सगळे कंटाळतात ते काम, आणि मला विचाराल तर बघायला सगळ्यात छान हेच आहे. तीनशे वीस नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला. नुसत्या बोटांनी घासायचं नाही, बोटांच्या खाचा पडतात. ठोकळा नसांच्या दिशेने जातो, मागे पांढरी पूड येते, आणि हळूहळू टेबल सगळीकडे सारखं आंधळं व्हायला लागतं. जिथे अजून चमकदार ठिपका दिसतोय तो खड्डा आहे, पेपर तिथपर्यंत पोचलेलाच नाही. ठिपका जाईपर्यंत घासायचं. काका मधेच डोळे मिटून तळहात फिरवतात, मी पण फिरवून बघितला, मला काही कळलं नाही.

पेपर घासताना पांढऱ्या पट्ट्यावर लाकूड उघडं पडलं, मग लाख आली.

[बाटली उजेडात धरलेली]

हा चपडा, पिवळट तपकिरी पापुद्रे, दिसायला तुटलेल्या काचेच्या चुऱ्यासारखे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखा रस सोडतात, तो खरवडून, वितळवून, गाळून पातळ ताणला की हे पापुद्रे. आपल्याकडे विदर्भात पळस आहेच, पण देशात सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते, रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. जुन्या ७८ च्या ग्रामोफोन रेकॉर्ड पण लाखेच्याच असायच्या, म्हणून पडल्या की फुटायच्या. काकांनी आदल्या रात्री चपडा स्पिरिटमध्ये भिजत घातला होता. सकाळी तळाशी गढूळ थर बसलेला दिसतोय, ते लाखेतलं मेण. ते हलवायचं नाही, वरचं स्वच्छ तेवढंच ओतून घ्यायचं, कारण मेणावर पुढचं वार्निश नीट बसत नाही.

कापसाचा बोळा, त्यावर जुन्या बनियनचा कपडा, आणि लाखेचा एकच पातळ हात. पिणारं लाकूड बंद झालं, सिलिकॉनचे डाग खाली दाबले गेले. पट्ट्याचा रंग आजूबाजूला मिसळला, तो शॉट परत एकदा बघा.

मग वार्निश. खालचे दोन कोट ग्लॉसचे, म्हणजे चमकणाऱ्या वार्निशचे, सॅटिन फक्त शेवटी, चमक सगळ्यात वरचा कोट ठरवतो आणि खाली ग्लॉस असलं की लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसतात. प्रत्येक कोट सुकल्यावर हलका पेपर. ऑगस्ट महिना, हवा दमट, म्हणून काका सकाळी दहाच्या आत ब्रश हातात धरत नव्हते. शेवटचा कोट: पलीकडच्या कडेपासून सुरुवात, मागचा हात ओला असतानाच पुढचा त्याला मिळवायचा, आणि शेवटी रिकाम्या ब्रशचं नुसतं टोक टेकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब हात. एकदा गेलेला हात परत नाही. मी नेमकं तेच केलं होतं, एक केस चिकटला म्हणून अर्धवट सुकलेल्यावर ब्रश घातला. आणि नुसत्या डागावर टचअप पण नाही, डाग एक असला तरी शेवटचा कोट पूर्ण फळीला.

काकांकडे असं हाताचं काम आता महिन्यातून एखादं येतं, बाकी सगळं स्प्रे गनवर मेलामाइन, म्हणजे केमिकलचं पॉलिश, ते त्यांचा मुलगा मारतो, थिनरच्या वासाने खोकला होतो म्हणतो.

[तिसरा दिवस, संध्याकाळ, दिवे बंद]

परत तोच टॉर्च, तीच कड. उजेड डावीकडून निघतो, पट्ट्यावरून जातो, गोल डागांच्या जागेवरून जातो, कुठे अडकत नाही. उजव्या टोकाला किंचित कमी आहे, तुम्हाला दिसेल न दिसेल, काकांना दिसलं. त्यांनी नखाने दाबून बघितलं, अजून मऊ होतं, म्हणाले आठ दिवसांनी येतो, तोपर्यंत वर वर्तमानपत्र पण पसरू नका, आणि ब्रश धुवायला निघून गेले.