जूनच्या आधी ठरवायच्या गोष्टी

(दापोलीत शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, 31 वर्षं मी खाडीकाठच्या शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची 9 मुख्याध्यापक म्हणून. आज सुरुवात पावसापासून करतो.

आमच्या शाळेवर पत्रे होते. आषाढात सर कोसळायला लागली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. तिसरीत एक मुलगी होती, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. जूनमध्ये पटापट उत्तरं देणारी ही पोर जुलैत गप्प झाली. मी तिला दोनदा रागावलो, लक्ष नाही म्हणालो. शेवटी तिची आजी येऊन सांगून गेली, "गुरुजी, पावसात तिच्या यंत्रात नुसती घरघर होते." यंत्र बाईंचा आवाज मोठा करतं तसा पत्र्याचाही करतं. हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. त्या दोन रागावण्यांचं मला आजही वाईट वाटतं.

मग तिला दुसऱ्या रांगेत, शिक्षकाचा चेहरा नीट दिसेल अशी जागा दिली. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, ही सवय आम्हा चौघांना लागायला महिना गेला. मोठी सर आली की तोंडी पाठ थांबवून लेखी काम घ्यायचं ठरलं. दमट हवेनं यंत्र बिघडतं, म्हणून रात्री ते ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि मागच्या बाकावरच्यांनाही पावसात काही ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला तिच्यामुळे कळलं.

2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हेच म्हणतो: सगळी मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलली जाईल. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिलेत. डोळ्यांना दिसतं तेवढंच दिव्यांगत्व नसतं. वाचताना अक्षरं अडणारा मुलगाही त्यात येतो, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

आता उताराबद्दल. रॅम्प बांधला की काम झालं असं आपण धरतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. म्हणजे जोतं दोन फुटांचं असेल तर उतार चोवीस फुटांचा हवा. मी आठ फुटांचे उतार पाहिलेत. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र मूल तोंडावर पडतं. त्यात आपला पाऊस. पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. उतार घासायचा कुणी, कोणत्या वारी, हे समितीच्या बैठकीत ठरून वहीत लिहिलेलं असलं पाहिजे.

एकदा मोहल्ल्यातून एक आई मुलाला घेऊन दाखल्यासाठी आली. त्याचे पाय अशक्त होते, भिंत धरून चालायचा. मी मनाशी बरीच तयारी केली होती: प्रार्थनेचं काय सांगायचं, सणांचं काय, उर्दू शाळा सोडून आमच्याकडे का, हे विचारायचं की नाही. तिने एकच विचारलं, "सर, संडासात त्याला धरायला काय आहे?" काही नव्हतं. पालकांतल्याच एका वेल्डरने दुसऱ्या दिवशी पाइपचा दांडा बसवून दिला, मुलाला समोर उभं करून, त्याच्या हाताच्या उंचीवर.

धर्माचे प्रश्न नसतात असं मात्र नाही. राज्यघटनेचं 28वं कलम स्पष्ट आहे: सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवरच्या शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला मुलाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. शाळेत सत्यनारायण घालायची आपल्याकडे रीत आहे. ज्या घरांना तो नको असतो, बौद्धवाडीतल्या असोत की मोहल्ल्यातल्या, ती बहुधा बोलत नाहीत. मूल त्या दिवशी घरी राहतं आणि हजेरीत "गैरहजर" लागतं. हे गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. आम्ही पूजा शाळेबाहेर देवळात नेली. थोडी कुरबूर झाली, पण निभावलं.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा वेळापत्रक दरवर्षी नव्याने बघावं लागतं. ईद चंद्रावर ठरते, म्हणून तिच्या पुढच्या-मागच्या दिवशी चाचणी ठेवू नका. पोषण आहाराच्या वेळी रोजा असलेल्या मुलाला वाचनाच्या खोलीत बसू द्या, कवायतीत सूट द्या. पण "कुणाकुणाचा रोजा?" असं वर्गात विचारू नका. एखाद्या मुसलमान मुलाचा नसतोही, आणि ते त्याला चारचौघांत सांगावं लागू नये.

समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या स्त्रिया. या आयांना बैठकीत बोलायला वेळ ठेवा. नुसती सही घेऊन पाठवू नका.

चहा झाला की आपण सगळे या शाळेच्या उतारावर जाऊ. टेप मी आणली आहे. संडासही बघू.