आधी ढिगारे मोजा

ग्रेट निकोबार. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) इथून पाचशे किलोमीटरहून लांब, सुमात्रा त्यापेक्षा कितीतरी जवळ. त्यामुळे इथल्या रानात सह्याद्रीतली ओळखीची शीळ कानावर येईल ही अपेक्षा सोडून द्या.

हे निकोबारी कबुतर. हिरवी-तांबूस झळाळी, मानेवर लांब पिसांची झालर, शेपूट पांढरीशुभ्र. नामशेष झालेल्या डोडोचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक हाच, असं २००२ मध्ये डीएनए तपासणीतून दिसलं. मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेचे हुमायून अब्दुलअली यांनी या बेटांवरच्या पक्ष्यांच्या बारकाईने नोंदी केल्या.

आपण मात्र थांबायचंय या ढिगाऱ्यापाशी. कुणी कचरा टाकलेला नाही, हे घरटं आहे! मालक, निकोबारी मेगापोड. कोंबडीएवढा, तपकिरी, दणकट पायांचा आणि भलता बुजरा. वाळू, माती, पालापाचोळा उकरून ढीग रचायचा आणि आत अंडी पुरायची. उबवायला कुणी बसत नाही. शेणखताचा खड्डा आतून तापतो, तसा कुजणारा पाचोळा अंड्यांना ऊब देतो. पिल्लू ढीग उकरत आपलं आपण वर येतं, पिसांसकट, आणि थेट रानात पसार. आई-बापाशी गाठच पडत नाही.

अभ्यासकाची इथेच पंचाईत. पक्षी दडून बसतो, पण ढीग कुठे दडणार? म्हणून नव्वदच्या दशकात कोइमतूरच्या सलीम अली पक्षिशास्त्र केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी या बेटांचे किनारे पालथे घातले आणि ढिगारे मोजले. ताजं उकरलेलं दिसलं, तर घरटं वापरात. पण एका ढिगात अनेक जोड्या अंडी घालू शकतात, त्यामुळे दर ढिगामागे एक जोडी हा सोपा हिशेब फसतो.

डिसेंबर २००४. त्सुनामी. ढिगारे बहुतेक किनाऱ्यालगतच होते. बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं. २००६ च्या पाहणीत वीण करणाऱ्या जोड्या सुमारे ७० टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. उरल्या ८०० च्या आसपास. जुनी मोजणी हाताशी नसती, तर किती गेले हे कुणाला सांगता आलं असतं?

आता याच बेटावरच्या गालाथिया खाडीत मोठं बंदर व्हायचं आहे. तिथल्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढला गेला, २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. मेगापोडसाठी अभयारण्य ठरलं आहे ते शेजारच्या मेनचाल बेटावर. मेनचालचं क्षेत्रफळ दीड चौरस किलोमीटरही नाही.