लाल डोळे काळे करण्याआधी

मंडळी, नाशिकमध्ये फोटोचा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांचं नाव येणारच. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस सिनेमाच्या नादी लागण्याआधी गोध्र्याला फोटो काढत असे. त्या काळच्या फोटोंत लाल डोळा, म्हणजे फ्लॅशमुळे लाल दिसणारी बाहुली, सापडणार नाही. फोटो काळे-पांढरे होते हे तर झालंच, पण उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड जाळायची तीही कॅमेऱ्यापासून लांब, हात वर करून.

लाल डोळे घरोघरी आले ते खिशात मावणाऱ्या रोलच्या कॅमेऱ्यांबरोबर. त्यांत फ्लॅश भिंगाला अगदी खेटून. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून बाहुली मोठी झालेली. फ्लॅश इतका झटकन उडतो की तिला आकसायला सवडच मिळत नाही. उजेड आत शिरतो, डोळ्याच्या पडद्यावर आणि त्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावर पडतो आणि आल्या वाटेनं परत फिरतो. त्या वाटेवर भिंग उभंच असतं. म्हणून लग्नातला फोटोग्राफर फ्लॅश वर चढवतो किंवा छताकडे वळवतो. कॅमेरा आधी एकदोनदा लुकलुकतो तो बाहुली लहान व्हावी म्हणून. पण आपल्याकडे लोकांना वाटतं फोटो निघाला, आणि खऱ्या फ्लॅशच्या वेळी मामा पंगतीकडे निघालेले असतात.

तुमच्यापैकी बरेच जण घरचे जुने अल्बम स्कॅन करताहेत, म्हणून आता दुरुस्तीकडे येतो. आधी फाइलची एक कॉपी करा आणि मूळ फाइलला हात लावू नका. हे का, ते शेवटी कळेल. दुरुस्तीसाठी पिकासा हे सॉफ्टवेअर बरं होतं, पण गूगलनं ते २०१६ मध्ये बंद केलं. फोटोशॉपमध्ये रेड आय टूल आहे. डोळ्यावर क्लिक केलं की काम होतं. त्यात बाहुलीचा आकार आणि काळेपणा असे दोन आकडे असतात, दोन्ही मुळात पन्नास टक्क्यांवर. माझा सल्ला, काळेपणा कमी करून पाहा. घाऱ्या डोळ्यांच्या काकूंची बाहुली डांबरासारखी झाली की घरचे लोक लगेच ओळखतात.

फुकटातलं हवं असेल तर गिम्प घ्या. त्यात लाल डोळ्यांसाठी फिल्टर आहे, पण त्याला डोळा म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला फक्त लाल रंग कळतो. डोळे सिलेक्ट न करता तो चालवला तर आईचं कुंकू काळं होतं, शालूचे काठ मळकट होतात आणि ओठ निळसर पडतात. आपल्या लग्नाच्या फोटोत लाल रंगाला काय तोटा! तेव्हा आधी बाहुलीभोवती गोल सिलेक्शन करा, कडा एखाद-दोन पिक्सेल मऊ करा, मगच फिल्टर.

मला स्वतःला त्याहून चॅनेल मिक्सर आवडतो. फोटोतला रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांत, म्हणजे चॅनेलांत, साठवलेला असतो आणि हे साधन त्यांचं प्रमाण बदलतं. लाल झालेल्या बाहुलीत बिघडलेला असतो तो मुख्यतः लाल चॅनेल. हिरव्या आणि निळ्यात बाहुली बहुतेक वेळा चांगली गडद असते. सिलेक्शन करून लाल चॅनेलमध्ये लाल शून्य, हिरवा पन्नास टक्के, निळा पन्नास टक्के द्या. लाली जाते आणि बाहुलीतला तो पांढरा चमकीचा ठिपका जागच्या जागी राहतो. ब्रशनं सरसकट काळं फासलं की आधी तो ठिपका जातो, आणि माणूस दगडी पुतळ्यासारखा बघायला लागतो. दोन्ही डोळ्यांतला ठिपका एकाच बाजूला आहे ना, तेवढं मोठं करून बघा.

कुत्र्या-मांजरांवर हे चालत नाही. त्यांच्या पडद्यामागे उजेड परतवणारा चकचकीत थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. निफाड-सिन्नरच्या उसात बॅटरीच्या झोतात बिबट्याचे डोळे दिसतात, ते यामुळेच. तिथं सिलेक्शन करून रंग काढायचा आणि हातानं गडद करायचं.

आता मूळ फाइलचं. लहान मुलाच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट किंवा पिवळसर चमकताना दिसली, तर ती दुरुस्त करू नका. कधी मूल तिरकं बघत असलं तरी असं दिसतं. पण कधी त्यामागे मोतीबिंदू असतो, तर कधी रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या पडद्याचा कर्करोग. तो लवकर सापडला तर उपचार होतात. फोटोवरून निदान करणं आपलं काम नाही. फोटो धंद्यासाठी काढला असेल, तरी आई-वडिलांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा, न घाबरवता. मूळ फाइल जशीच्या तशी त्यांना द्या, आणि मुलाला लगेच, त्याच आठवड्यात, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. अल्बम थोडा उशिरा गेला तरी चालेल.