दर्या की दऱ्या: आईच्या लॅपटॉपवर मिंट

[दृश्य: जेवणाचं टेबल. काळा लॅपटॉप, एका बिजागरीला चिकटपट्टी.]

हा आईचा लॅपटॉप. 2016 साली घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-थ्री. यातल्या विंडोज 10चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले, आणि विंडोज 11ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मशीन मात्र ठणठणीत आहे.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम: आवृत्ती 22.2, नाव झारा. मिंटच्या मुख्य आवृत्त्यांना 'आ'कारान्त मुलींची नावं देतात; 2006 सालची पहिली होती एडा. सप्टेंबर 2025मध्ये आलेली झारा उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे, कर्नल (सिस्टीमचा गाभा) 6.14, अपडेट 2029पर्यंत.

[दृश्य: पेन ड्राइव्ह लावणारी बोटं.]

काहीही पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच सगळं चालवून बघता येतं. आम्ही तेच केलं. वायफाय लागलं, आवाज आला, प्रिंटरनेही कुरकुर न करता पान काढलं. मग हार्ड डिस्कवर टाकलं.

आता, आधीच्या मिंटपेक्षा झारात नवं काय? खरं सांगू, फार काही नाही. लॉगिन स्क्रीनची पार्श्वभूमी धूसर झाली, स्टिकी नोट्सचे कोपरे गोल झाले. बघण्यासारखं आहे ते फिंगविट, बोटाच्या ठशाने आत येण्याचं ॲप. आईच्या लॅपटॉपला तो सेन्सरच नाही, म्हणून माझ्या मशीनवर बघितलं. होम फोल्डर (आपल्या फायलींचं) एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेलं असेल किंवा साठवलेल्या पासवर्डांची पेटी उघडायची असेल, तर नुसत्या ठशाने भागत नाही. अशा वेळी फिंगविट सरळ पासवर्ड मागतं. पुढे लॉक झालेली स्क्रीन उघडायला बोट पुरतं. कुठे बोट चालेल आणि कुठे नाही, हे त्याचं त्यालाच कळतं, हे मला आवडलं.

[दृश्य: मेनू. काही शब्द मराठी, काही इंग्रजी.]

मराठीच्या बाबतीत मात्र खिचडी आहे. मेनू मराठीत केला, तर एक ओळ मराठी, पुढची इंग्रजी. "राहू दे इंग्रजीच," आई म्हणाली. महिला मंडळाची जुनी इतिवृत्तं उघडली, तर पानभर चिन्हांचा चिवडा: ती युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं तीच राहावीत यासाठीचं मानक, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट असल्याशिवाय किंवा युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय ती वाचता येणार नाहीत. यात मिंटचा दोष नाही, पण ज्यांच्याकडे असे गठ्ठे आहेत त्यांनी आधी बघून घ्यावं.

[दृश्य: कीबोर्ड, अगदी जवळून. आईची बोटं.]

आई सरकारी नोकरीत इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना, शिकली. सेटिंगमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आराखडा निवडला आणि खुर्ची तिला दिली. तिने ओ, जे, डी, स्लॅश, ई दाबलं. पडद्यावर आलं: दर्या. मग तेच पुन्हा, फक्त जे दाबताना शिफ्ट धरून.

दऱ्या.

"चालतंय की," म्हणाली, आणि चष्मा पुसायला घेतला.