ला मला, तुलेत्को, येणार का

नमस्कार मंडळी. आज आल्या आल्या एक प्रश्न विचारते, तोही तीन भाषांत, तुम्ही फक्त कान द्या. मराठीत, उद्या येणार का? म्यानमारच्या, म्हणजे आपल्या ब्रह्मदेशाच्या, बर्मी भाषेत, मनेफ्यान ला मला? आणि फिनलंडच्या फिनिशमध्ये, तुलेत्को हुओमेन्ना?

झालं असं की मला कुणीतरी सांगितलं, बर्मी आणि फिनिश या भाषा म्हणे एकमेकींसारख्या आहेत, दोन्हीत सगळं शेपटाला चिकटतं. मी म्हटलं काहीतरीच काय, एक यांगोनची, दुसरी हेलसिंकीची, एकीचं कूळ तिबेटी-बर्मी, दुसरीचं युरालिक, म्हणजे एस्टोनियन सख्खी बहीण आणि हंगेरियन लांबची चुलत. पण किडा डोक्यात गेला तो गेला. मग मोबाईलवर दोन्ही शिकायला घेतल्या आणि दोन्ही अर्धवट सोडल्या, हे आधीच कबूल करते.

आता तो बर्मी प्रश्न परत बघा हं. मनेफ्यान म्हणजे उद्या. ला म्हणजे ये. म म्हणजे आपला 'णार'. आणि शेवटचा ला म्हणजे 'का'. उद्या, ये, णार, का. एकाखाली एक लिहा, तुकड्याला तुकडा जुळतो! कुठलं नातं नाही, गोतं नाही, आणि वाक्याची चाल मात्र आपलीच. फिनिशमध्ये 'का'च्या जागी 'को' लागतो पण तो क्रियापदालाच डकवतात, तुलेत अधिक को. त्यातला 'त' म्हणजे तू, जसा आपल्या 'येशील'मध्ये तू न म्हणताच येतो. आणि उत्तर देताना तिन्हीकडे नुसतं 'हो' म्हणायची गरज नाही, क्रियापदच परत म्हणायचं. येईन. ला मे. तुलेन. (फिनिशला भविष्यकाळच नाहीये बरं का, 'येतो' म्हटलं की उद्याचंही भागतं, तसं ते आपल्याकडेही भागतंच म्हणा.)

नकाराची गंमत याहून मोठी. फिनिशमध्ये 'नाही' हा शब्द माणसाप्रमाणे बदलतो, मी येत नाही एन तुले, तू येत नाहीस एत तुले, ते येत नाहीत एइव्हॅत तुले. युरोपातले लोक हे बघून चक्रावतात, नाहीला कसले प्रत्यय! आणि आपण? नाही, नाहीस, नाहीत, रोज म्हणतो आणि कधी लक्षातसुद्धा येत नाही. बर्मीत यातलं काही नाही, क्रियापदाच्या आधी म आणि मागे बू, म ला बू, मी तू तो सगळ्यांना एकच, संपला विषय.

म्हणजे बर्मी सोपी? थांबा. रेडिओवर लिपी दाखवता येत नाही पण आवाज ऐकवता येतो, तर ऐका. ला, सपाट, खालच्या सुरात, म्हणजे ये. ला, लांब आणि वरून खाली सोडलेला, म्हणजे तो प्रश्नाचा 'का', आणि खेचरालाही हाच शब्द. आणि ल, आखूड, घसा आवळून, म्हणजे चंद्र किंवा महिना. माझा चंद्र आणि माझं खेचर कितीतरी दिवस एकच होतं. फिनिशमध्ये सूर नाहीत, पण लांबी चुकली की बोंब. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे कस्टम्स.

फिनिशचा खरा घाम मात्र नामात निघतो. 15 विभक्त्या आहेत. पाण्याला वेसी म्हणतात, पाण्यात म्हणायचं तर वेदेस्सॅ. अहो, वेसीचं वेदे कसं झालं? असं वैतागून विचारलं आणि मग लक्षात आलं की पाणीचं पाण्या होऊन मगच 'त' लागतो, तेव्हा आपण कुठे कुणाला कारण सांगतो! शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणून डोकं खाल्लं होतं तसलंच प्रकरण फिनिशमध्ये पानोपानी भेटतं. बर्मीत पाणी म्हणजे ये, आणि पाण्यात म्हणजे ये दे म्हा. ये तसाच राहिला, त्याला धक्काही नाही. पण मोजायला गेलात की बर्मी हिशोब मागते. माणसं तीन यौक, कुत्री तीन कौंग, भिक्खू तीन बा, प्रत्येकाचा मोजणीशब्द वेगळा. आपल्याकडे यातला एक 'जण' उरलाय, तीन जण म्हणतो, पण कुत्र्यांना जण म्हणत नाही, बरोबर ना?

आणि तो-ती. दोन्हीकडे 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द, फिनिशमध्ये हॅन, बर्मीत थू. हॅन तुलि म्हटलं तर आला की आली कळायला मार्ग नाही, मराठी माणसाचा जीव टांगणीला. पण बर्मीने लिंग अगदीच टाकलेलं नाही, ते 'मी'त ठेवलंय. पुरुषाने क्यनो म्हणायचं, बाईने क्यमा. हा क्यनो मुळात काय, तर राजदास! शिवाय समोरच्याला 'तू' म्हणून हाक मारायचीच नाही शक्यतो, दादा, ताई, काका, मावशी याच्याने काम भागवायचं, हे तर आपल्याला शिकवायलाच नको. फिनिश माणूस उलटा, आजकाल बहुतेक ठिकाणी सरळ सिनॅ, म्हणजे तू.

लिहिण्याचंही असंच उलटसुलट. फिनिश बोलतात तशी लिहितात. बर्मी मात्र शेकडो वर्षांपूर्वी जशी बोलायचे तशी लिहितात. आपण रंगून म्हणतो, ते यांगोन म्हणतात, पण त्यांच्या स्पेलिंगमध्ये आजही र आहे, बोलताना त्याचा य झाला, आणि म्यानमारच्याच राखाईन प्रांतातले लोक अजून र म्हणतात. बर्मी लिहिलेली सापडते बाराव्या शतकापासून, बागान या जुन्या राजधानीतल्या म्याझेदी शिलालेखात, फिनिशचं पहिलं पुस्तक मिकाएल अग्रिकोलाचं, 1543 च्या सुमाराचं. आणि ती गोल गोल बर्मी अक्षरं, जिलब्या म्हणतात सगळे, ती ब्राह्मीतून, आपल्या देवनागरीच्याच मूळ लिपीतून आलेली, मुलं क ख ग घ ङ असंच शिकतात.

मंडळी, नातं नसलं तरी आपले शब्द दोन्ही घरांत पोचलेत, हे मला सगळ्यात आवडलं. फिनिशमध्ये शंभरला साता म्हणतात, आपलं शत, हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी, म्हणजे संस्कृत आणि फारसीची पूर्वज भाषा बोलणाऱ्या लोकांकडून घेतलेलं. हातोडीला वासारा, तो आपला वज्र. (शेजारची स्वीडिश आपली लांबची नातेवाईक, फिनिश नाही, तरी हे फिनिशने घेतलं!) बर्मीत पालीमार्गे धातू गेला, त्याचा झाला दात, आणि फोटोला म्हणतात दातपोन, पेट्रोलला दातसी, म्हणजे धातूचं तेल.

रत्नागिरीकरांना तर मी काय सांगू, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांनी 1885 ला गादीवरून उतरवला, मग रत्नागिरीत आणून ठेवला, तिथेच 1916 ला गेला, राजवाडा अजून आहे. आणि आपले टिळक सहा वर्षं त्याच्याच राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात. त्या राजवाड्यात 'का'च्या जागी 'ला' किती वेळा म्हटला गेला असेल, असं मला तिथे गेलं की उगाच वाटत राहतं.

तर पुढच्या रविवारी, याच वेळेला. ला मला? ज्यांना यायचंय त्यांनी म्हणायचं, ला मे. दोन्ही सूर खाली ठेवा हं, नाहीतर खेचर येईल.