काळं झबलं, पांढरा हलवा

(कोथरूडमधली जुनी, लिफ्ट नसलेली इमारत. जिना चढणारी एक तरुण मुलगी. पाठीवर कॅमेऱ्याची सॅक, बगलेत घडी केलेली पांढरी चादर.)

बाळ सात महिन्यांचं आहे. मुलगी. बसवलं तिथं बसते, रांगायला अजून लागलेली नाही. फोटो काढणाऱ्याला याहून सोयीचं वय मिळणं कठीण. संक्रांत नुकतीच झाली आहे आणि उद्या, रविवारी, घरात तिचं बोरनहाण आहे.

बोरनहाण म्हणजे गर्दी. सोसायटीतली पोरंटोरं, मावश्या, आत्या, आणि बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे पडायला लागले की ते वेचायची झुंबड. त्या गडबडीत बाळाचा धड एक फोटो मिळत नाही, हे या घरच्या आजींना मोठ्या नातवंडांच्या वेळीच कळलेलं आहे. म्हणून या खेपेला त्यांनी आधीच सांगून ठेवलं: आदल्या दिवशी, घरात घरचीच माणसं असताना, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पोरीचे नीट फोटो काढून घ्यायचे. आणि ते काढायला कुणाला तरी रीतसर बोलवायचं.

ती रीतसर बोलावलेली मुलगी धायरीहून आली आहे. भाचरांचे, मैत्रिणींचे, सोसायटीच्या गणपतीचे फोटो तिने पुष्कळ काढलेत. अनोळखी घरात, आधी ठरवलेले पैसे घेऊन, बाळाचे फोटो काढायची मात्र ही पहिलीच वेळ.

फोनवर बाळाच्या आईशी पहिल्यांदा बोलताना तिने विचारलं होतं, "ताई, बाळ सकाळी झोपून कधी उठतं?" पत्ता त्यानंतर विचारला.

हा प्रश्न मला फार आवडला. मराठी घरात तान्ह्या बाळाची सकाळ ठरलेली असते. मालीशवाल्या बाई येतात, तेल लागतं, कढत पाण्याने अंघोळ होते, आणि मग बाळ जे झोपतं ते दीड-दोन तास हलत नाही. त्या झोपेतून उठून, दूध पिऊन, ढेकर काढून झाला की मग खरं काम. तेव्हा बाळ ताजं असतं, पोट भरलेलं असतं, कुतूहल जागं असतं. ही वेळ फार टिकत नाही. या घरात ती साधारण अकराला सुरू होते. म्हणून फोटोंची वेळ अकराची ठरली. फोटोग्राफरला कधी जमतं, हे त्यात कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

(हॉल. दक्षिणेकडची मोठी खिडकी, लोखंडी जाळी. समोरची भिंत पिस्ता रंगाची. जमिनीवर आडवी पडलेली जाळीची सावली.)

फोटोंच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती नुसती उजेड बघायला येऊन गेली. तीही अकराच्याच सुमाराला, कारण संध्याकाळी येऊन सकाळचा उजेड कसा कळणार?

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, अगदी भर दुपारीही डोक्यावर येत नाही. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट घरात शिरतं. थंडीत बसायला ते छान, फोटोला वाईट. जाळीचे काळे पट्टे बाळाच्या तोंडावर पडतात, डोळे बारीक होतात, नाकाची सावली ओठांवर येते.

उत्तरेची खिडकी असती तर दिवसभर मऊ, सारखा उजेड मिळाला असता. पण उत्तरेला या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आहे.

तिने आजींना विचारलं, "आजी, आजोबांचं एखादं पांढरं धोतर आहे का हो?"

आजी क्षणभर बघतच राहिल्या. मग कपाटातून धुतलेलं, इस्त्री केलेलं धोतर आलं. खिडकीच्या वर कपडे वाळत घालायची दोरी होतीच, तिच्यावर ते सोडलं, आणि हॉल बदलला. पातळ सुती कापडातून गाळून आलेलं ऊन सगळीकडे पसरतं. मग सूर्य हा उजेडाचा एक ठिपका राहत नाही, खिडकीभर पसरलेलं ते आख्खं धोतरच दिवा होतं. बाळाच्या मानाने दिवा जेवढा मोठा आणि जेवढा जवळ, तेवढी सावली मऊ. स्टुडिओतले मोठाले सॉफ्टबॉक्स हेच काम करतात, आणि ते महाग असतात.

राहिली ती पिस्ता भिंत. तिच्यावरून परतणारा उजेड हिरवट असतो. डोळ्याला जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. बाळाचा एक गाल गुलाबी आणि दुसरा आजारी दिसतो. बगलेतली ती पांढरी चादर यासाठी होती. दोन खुर्च्यांच्या पाठींवर ती ताणली, भिंत झाकली गेली आणि सावलीच्या बाजूला स्वच्छ पांढरा उजेड मिळाला.

(शनिवार. जमिनीवर गादी, गादीवर आजींची गोधडी. आई बाळाला झबलं घालते आहे.)

सगळं जमिनीवर. पलंग नाही, टेबल नाही, फुलांनी सजवलेली टोपली नाही. नुकतं बसायला शिकलेलं बाळ कधी कुठल्या बाजूला कलंडेल ते सांगता येत नाही, म्हणून गादी जमिनीवर आणि आई हाताच्या अंतरावर. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, बाळाच्या तोंडासमोर लोंबणारा नाही.

आईने मोबाइलवर एक फोटो दाखवला. चिमुकलं बाळ, दोन्ही हातांवर हनुवटी टेकून झोपलेलं. "असा एक होईल का?" फोटोग्राफरने नाही म्हटलं, आणि का नाही तेही सांगितलं. तो फोटो जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या बाळांचा असतो. आणि तो एक फोटो नसतोच. एकात कुणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं धरलेली असतात, आणि मग दोन्ही जोडून धरणारे हात पुसलेले असतात. हे ठाऊक नसताना घरी तसं करून बघणं धोक्याचं आहे. गिऱ्हाइकाला पहिल्याच कामात नाही म्हणायला धीर लागतो. तिने तो दाखवला.

मग दागिने आले. मुकुट, हार, वाक्या, कंबरपट्टा. तुळशीबागेत हे सगळं तयार मिळतं, पण हे घरी केलेले. परातीत मंद आचेवर तीळ, त्यावर थेंब थेंब पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं, तासन् तास. तेव्हा कुठे हलव्याला काटा येतो. आजींच्या हलव्याला तो छान आला होता. बारीक, टोकदार, पांढराशुभ्र.

आणि नेमकी इथेच कॅमेऱ्याची अडचण सुरू होते.

कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारा त्याचा भाग, समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. समोर काळं झबलं भरलेलं असलं की त्याला वाटतं, अंधार आहे. मग ते उजेड वाढवतं. झबलं राखाडी होतं आणि हलवा जळतो. म्हणजे हाराच्या जागी नुसता पांढरा पट्टा उरतो, काटा गायब. इतक्या मेहनतीने आणलेला काटाच फोटोत नसेल, तर हलव्याचे दागिने घालून फोटो काढायचे कशाला?

तिने मीटरवर सोडलं नाही. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवला, म्हणजे उजेडाचे आकडे स्वतःच ठरवायचे. आधी हार गोधडीवर ठेवून त्याचा एक फोटो घेतला. स्क्रीनवर जळलेला भाग लुकलुकतो, तो लुकलुकायचा थांबेपर्यंत उजेड कमी करत गेली. आता हाराचा दाणा न दाणा दिसत होता. मग ते आकडे बदललेच नाहीत. झबलं काळं राहिलं, आणि चेहरा थोडा गडद आला तर तो नंतर उजळता येतो. जळलेलं पांढरं मात्र परत आणता येत नाही.

लेन्स पन्नास एमएमची, एफ १.८ची, नवशिक्यांकडे बहुधा असते तीच. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. पण १.८ वर तिने एकही फोटो काढला नाही. तिच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, मीटरभर अंतरावरून, १.८ वर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचं स्पष्ट दिसतं. बाळाने मान जराशी वळवली की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. एफ ४ वर ही खोली दुपटीहून वाढते. शटर १/४०० सेकंदाचं, कारण बाळाचे हात थांबत नाहीत. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवावा लागला आणि फोटोत थोडी रवाळ झाक आली. माझ्या मते हा सौदा चांगला आहे. रवाळ फोटो चालतो, हललेला चालत नाही.

(बाळ कॅमेऱ्याकडे टक लावून बघतं. ओठ मुडपतं. भोकाड.)

सातव्या-आठव्या महिन्यात बाळाला माणसं कळायला लागतात. आपलं कोण, परकं कोण. आणि इथे तर परकी बाई, तिच्या तोंडाच्या जागी काळा डबा.

तिने कॅमेरा खाली ठेवला. गादीच्या कडेला मांडी घालून बसली, बाळाकडे न बघता. आईशी गप्पा सुरू केल्या: गुटीत काय काय उगाळता, जावळ कधी काढणार. आई हसून बोलते आहे, म्हणजे ही बाई बरी असावी, एवढं बाळ ताडतं. थोड्या वेळाने बाळच पुढे झुकलं आणि तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं. ते तसंच राहू देऊन तिने कॅमेरा हळूच उचलला.

या सगळ्या वेळात एकही फोटो निघाला नाही. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणाला असता, ही नुसती बसली आहे. मला विचाराल तर पैसे या बसण्याचे आहेत.

पुढची अडचण घरच्यांची. बाबा डावीकडून खुळखुळा वाजवतायत, आत्या उजवीकडून "इकडे बघ, इकडे बघ", आजोबा दारातून चुटक्या. बाळाची नजर भिरभिरते आणि कुणाकडेच ठरत नाही. फोटोग्राफर म्हणाली, "आजी, तुम्ही एकट्याच माझ्या मागे बसाल का? अगदी माझ्या डोक्याला डोकं लावून. बाकी सगळ्यांनी जरा गप्प बसायचं."

आजी बसल्या. पदर तोंडावर घेतला, बाजूला केला. कुऽऽक! पुन्हा पदर. पुन्हा कुऽऽक! आणि बाळाची नजर लेन्सच्या बरोब्बर वर येऊन थांबली, खालच्या दोन दातांसकट हसू आलं, धोतराची पांढरी खिडकी दोन्ही डोळ्यांत चमकली. शटर वाजत राहिलं.

हार गळ्यात फार वेळ ठेवला नाही. हलव्याचा दाणा कडक आणि नेमका घशात अडकेल एवढा असतो, आणि या वयात हाती आलेलं सगळं तोंडात जातं. दोरा तुटला तर? म्हणून आधी साध्या झबल्यातले फोटो, मग मुकुट आणि हार घालून भराभर थोडे, की लगेच काढून डब्यात. हार गळ्यात असताना आईचा हात बाळाच्या पाठीशी, गोधडीच्या घडीआड.

फोटोग्राफीच्या इतिहासात या हाताला जागा आहे. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला काही सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ बाळ स्थिर राहणं अशक्य. मग आईला खुर्चीवर बसवत, तिच्यावर चादर किंवा पडदा टाकत आणि बाळ तिच्या मांडीवर देत. आज ते फोटो बघितले की बाळामागे एक झाकलेली बाई दिसते, चेहरा नसलेली. शटर वेगवान झालं, पडदा गेला. धरणारी बाई मात्र अजून लागतेच. आमच्या फोटोग्राफरने दोन-तीन फोटोंत आईचा हात मुद्दाम चौकटीत येऊ दिला, हिरव्या बांगड्यांसकट. माझ्या मते सगळ्यांत चांगले फोटो तेच.

बाळाने डोळे चोळले. आईच्या खांद्यावर तोंड घासलं. फोटोग्राफरने कॅमेरा बंद केला. आत्या म्हणाल्या, "अगं, अजून पाळण्यातला राहिला ना?" ती म्हणाली, "झोप आली तिला, आत्या. आता काढला तर रडकाच येईल."

(रात्र. धायरीतली खोली. लॅपटॉपवर बाळाचा चेहरा मोठा केलेला.)

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे फोटो कार्डावरून दोन वेगळ्या जागी उतरवणं. हे बाळ पुन्हा सात महिन्यांचं होणार नाही.

मग निवड, मग रंग. गालावर बाळाच्याच नखाचा ओरखडा होता, तो तिने पुसला. दोन दिवसांत भरून येणारी गोष्ट ती. हनुवटीवरची काजळाची तीट ठेवली. जराशी फिस्कटली होती, तीही तशीच ठेवली. ती आजींनी लावलेली होती. फोटो गुळगुळीत करायच्या हौसेत नवशिके हमखास तीट पुसतात, त्वचा मेणासारखी करतात. तिने हात आवरला याचं मला खरंच कौतुक वाटतं.

पैशांचं बोलणं आधीच झालेलं होतं, व्हॉट्सअॅपवर, एका मेसेजमध्ये. साडेतीन हजार रुपये, त्यातले हजार आगाऊ. एवढे फोटो, इतक्या दिवसांत, प्रिंटचे वेगळे. शनिवारी दारातून निघताना एक पाहुणे म्हणाले होते, तासाभराच्या कामाचे एवढे? तिने शांतपणे सांगितलं की आदल्या दिवशीची फेरी, रात्रीची निवड आणि रंगकाम, सगळं त्यात धरलं आहे. बाबांनी तिथेच उरलेले पैसे पाठवले.

त्याच मेसेजमध्ये तिने आणखी एक विचारलं होतं: यातले फोटो मी माझ्या पेजवर टाकू का? आईबाबांनी नाही सांगितलं. बाळाचा चेहरा इंटरनेटवर नको. पहिलं पैशाचं काम, आणि दाखवायला त्यातलं काही नाही. तिने विनवणी केली नाही, सवलतीची लालूच दाखवली नाही. फक्त एक विचारलं, हाराचा तो गोधडीवरचा फोटो चालेल का? तो चालला.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. या घरी ते झालं तेव्हा शोकेसवर आठ बाय बाराची प्रिंट उभी होती. वाण घ्यायला आलेल्या एका बाईंनी आजींकडून नंबर घेतला. त्यांच्या लेकीचं बाळ पाच महिन्यांचं आहे, हडपसरला. फोटोग्राफरने त्यांना दर सांगितला, बाळ नीट बसायला लागेपर्यंत महिनाभर थांबायला सांगितलं, आणि येण्याजाण्याचे पैसे वेगळे पडतील हेही सांगितलं.