एका बाकावर खोत आणि कूळ

(दृश्य: दापोलीहून मंडणगडकडे जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना भातखाचरं. निवेदन इतिहासाच्या प्राध्यापकाच्या आवाजात.)

दापोली आणि मंडणगड हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे शेजारी तालुके. दापोलीत चिखलगाव आहे. ते टिळकांच्या घराण्याचं गाव, आणि तिथली खोती त्यांच्याच घराण्याकडे होती. मंडणगडात आंबडवे आहे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. इंग्रज सरकार खोतांचे अधिकार कमी करायला निघालं तेव्हा टिळकांनी खोतांची बाजू घेतली. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी मांडलं. मी टीवायच्या वर्गात एवढंच फळ्यावर लिहितो, गावांच्या नावांसकट, आणि खुर्चीत बसतो. त्यानंतर वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती माझ्या कुठल्याही लेक्चरने कधी झालेली नाही.

खोत म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारजमा करणारा. पुस्तकात एका ओळीत संपतं. पण नांगरायचं कुळाने, म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्याने, लावणी कुळाने, कापणी कुळाने, आणि अर्धेली असेल तर निम्मं भात खोताच्या घरी पोचतं करायचं. वर वेठ होतीच. खोताचं घर शाकारायचं, लाकूडफाटा आणून टाकायचा, सगळं फुकट. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली जमीन कसायचीच थांबवली. तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे! एक हंगाम हातचा गेला तर आज आंबा बागायतदाराचं काय होतं ते इथल्या पोरांना ठाऊक आहे, त्यामुळे सहा म्हटल्यावर मागचा बाकसुद्धा मोबाईल खाली ठेवतो.

(दृश्य: टेबलावर उलगडलेला जुना कागद, त्यावरून सरकणारं बोट.)

एका विद्यार्थिनीने हा कागद आणला. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यातही वर्तमानपत्रात गुंडाळलेला. घडीवर फाटलेला, कडेला वाळवीने कुरतडलेला, अक्षर मोडी. ही कबुलायत आहे, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेला कागद. अमुक ठिकाण, अमुक धारा, भात इतके मण, मुदतीत न भरल्यास खोत जमीन काढून घेईल. खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढायचा. तिला वाटलं होतं, घराण्याला मिळालेली सनदबिनद असेल. मी वाचून दाखवल्यावर तिने एकच विचारलं, ‘म्हणजे आम्ही लिहून देणारे?’ आणि जिच्या घराण्याला हा कागद लिहून दिला जायचा तशा आडनावाची मुलगी तिच्याच बाकावर, डब्यातली घावनं दोघींत वाटून खाणारी. त्या दोघींचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पालकसभेत. ‘सर, वर्गात राजकारण कशाला आणता?’

मी कुठून आणणार? आडनावं मी ठेवलेली नाहीत.

खरं तर राजकारण आणि मास्तरकी या पट्ट्याला नवी नाही. राजापूर मतदारसंघाने १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवत्यांना लोकसभेत पाठवलं. ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि हे महाविद्यालय बाबासाहेबांच्या संस्थेचं. रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम बसवला. पोरांना हे भारी आवडतं, कारण प्रत्येकाचा मामा नाहीतर काका चाकरमानी आहे. आमचा आजचा राजकारणाशी संबंध म्हणजे मतदानाची ड्युटी. आदल्या दिवशी मशीन घेऊन वाडीतल्या शाळेत जायचं, रात्री बाकं जोडून झोपायचं. सत्तेचा एवढा जवळून सहवास आम्हांला पुरतो.

(दृश्य: स्टाफरूम. कौलांवर पाऊस, कपाटावर रचलेल्या फायली.)

विद्यापीठाचं म्हणाल तर ते दूर आहे. सावंतवाडीचं कॉलेजसुद्धा मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, अंतर पाचशे किलोमीटर. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी जुनी आहे, मधूनमधून डोकं वर काढते. झालं तरी इतिहासाचा वर्कलोड वाढेल असं मला वाटत नाही. अनेक कॉलेजांत विभाग म्हणजे एक कायम माणूस आणि एकदोघं तासिका तत्त्वावरचे. नेट झालेली, पीएचडी झालेली मुलं तासावर शिकवतात, उन्हाळ्यात मानधन नाही. ती मुलं जीव तोडून शिकवतात, आणि आम्ही कायमचे लोक फायली भरतो. मूल्यांकन समिती येणार म्हटलं की सहलीचासुद्धा जिओटॅग फोटो लागतो. माझ्या मते इतिहास विभागाचं खरं नुकसान राजकारण्यांनी कमी केलं, फायलींनी जास्त. हे बोलून दाखवलं की स्टाफरूममध्ये सगळे हसतात आणि पुढची फाईल उघडतात.

शिमग्यात वर्ग ओस पडतो, तेव्हा मी ओरडत नाही. पालखी कुणाच्या अंगणात आधी जाते, मान कुणाचा, नारळ कोण वाढवतो, हे नीट बघून या म्हणतो. खोती १९४९ च्या कायद्याने केव्हाच गेली. मानपानाचं काय झालं ते पोरं मला सांगतात, आणि त्यांच्यात एकमत होत नाही.

यंदा प्रोजेक्ट दिलाय तो फेरफारांचा, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदींचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद कधी चढली, की चढलीच नाही, ते शोधून आणा. कुणाचे आजोबा म्हणाले, ‘कशाला उकरून काढतोस?’ कुणाच्या आजीने त्या वेळच्या साक्षीदारांची नावं घडाघडा सांगितली. एका मुलाला कळलं की आपलं घर ज्या जागेवर आहे तिथे इतर हक्कांत अजून भलतंच नाव आहे. तो सध्या इतिहासापेक्षा कायद्याची चौकशी जास्त करतोय.

(दृश्य: तहसील कचेरीबाहेर रांगेत उभी मुलं.)

जुने फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात. पोरं अर्ज घेऊन गेली की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, ‘भावकीत वाद आहे का?’ म्हणून आता मी प्रत्येकाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र देतो. तरी काहींना परत पाठवतात, ‘वडिलांना घेऊन ये’ म्हणून. आणि वडील असतात मुंबईला, ते गणपतीशिवाय यायचे नाहीत. त्यामुळे प्रोजेक्टची मुदत मी गौरीविसर्जनानंतरची ठेवली आहे.